घरच्या स्ट्रीमरचा पडदा आणि मीटरचा काटा: जोडणीपासून तबकडी आखण्यापर्यंत

गेल्या गणपतीत मामा घरी आले होते. चाळीसेक वर्षं त्यांनी कॅसेट डेकवर मैफली उतरवल्या, त्यामुळे हॉलमधल्या माझ्या स्ट्रीमरच्या (नेटवरची किंवा साठवलेली गाणी वाजवणाऱ्या यंत्राच्या) सात इंची पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणारे दोन काटे नाचताना दिसले तसे ते खुर्ची ओढून समोरच बसले. मी खुशीत. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "अरे, आवाज जरा कमी कर." मी फोनवरून ऐंशीचा चाळीसवर आणला. आवाज उतरला आणि दोन्ही काटे डावीकडे आडवे झाले.

"हे काय? आमच्या डेकवर अँपचा आवाज पार बंद केला तरी काटा नाचायचा. हा गाण्याचं ऐकतच नाहीये, तुझ्या फोनचं ऐकतोय."

मामा बरोबर होते. दीड वर्ष मी एक शोभेची वस्तू बघत होतो. त्यानंतरच्या तीन-चार रविवारांत तो काटा शहाणा करताना जे कळलं, ते इथे मांडतो. माझी जोडणी रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता 'पाय'), त्यावर मूड ऑडिओ ही गाणी वाजवणारी मोफत प्रणाली आणि पेपीमीटर हा मीटर दाखवणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम अशी आहे. तयार स्ट्रीमर असलेल्यांच्या कामाचा भाग शेवटाकडे आहे, पण मधलं वाचून तिकडे या.

काटा नेमकं काय मोजतो

दोन वेगळ्या गोष्टी एकाच तबकडीवर गल्लत होऊन बसतात. व्हीयू (व्हॉल्यूम युनिट) मीटर अमेरिकेत १९३९ साली बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून ठरवला आणि १९४२ मध्ये त्याचं मानक झालं. स्थिर स्वर अचानक सुरू केला तर काट्याला शून्यापर्यंत पोचायला ३०० मिलिसेकंद लागले पाहिजेत, ही त्यातली कळीची अट. म्हणजे तो मुद्दाम आळशी ठेवलेला आहे. कानाला जेवढा आवाज 'वाटतो' त्याच्या जवळपास तो राहतो. तबल्याची चाट काही मिलिसेकंदांत येऊन जाते आणि काटा तोवर निम्म्या वाटेवरही नसतो. खरं शिखर त्याने दाखवलेल्यापेक्षा १० डीबी (डेसिबल) किंवा त्याहूनही वर असू शकतं. अशी शिखरं पकडायला युरोपातल्या रेडिओवाल्यांनी वेगळा पीक मीटर वापरला. तो चढतो झरकन आणि उतरतो सावकाश.

तिसरी गोष्ट डिजिटलची. तिथे वरचं टोक म्हणजे ० डीबीएफएस, आणि त्याच्या वर आकडाच उरत नाही. जुन्या व्हीयूच्या तबकडीवर शून्यानंतर लाल पट्ट्यात +३ पर्यंत खुणा असतात, कारण ॲनालॉग यंत्रात शून्याच्या वरही बरीच मोकळी जागा असे. त्याच तबकडीचं चित्र उचलून डिजिटल आकड्यांवर बसवलं की लाल पट्ट्याला काही अर्थ राहत नाही. बाजारातले बरेच मीटर असेच आहेत.

जोडणी: जिथे हात भाजतात ते आधी

पाय ४ ला पाच व्होल्टचा, तीन अँपिअरचा चांगला अडॅप्टर द्या. पडदा लावल्यावर फोनचा जुना चार्जर पुरत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण चमकली, तर व्होल्टेज पडतंय. माझी खूण चमकायची ती फक्त मोठ्या आवाजाच्या तुकड्यांवर, म्हणून मी आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. शेवटी दोष निघाला केबलचा, लांबलचक आणि बारीक तारेची. टर्मिनलवर थ्रॉटलिंगची (वीज कमी पडून वेग कापला गेला का, याची) स्थिती विचारली की उत्तर निखळ शून्य यायला हवं. मागे कधी व्होल्टेज पडलं असेल तर तेही त्या आकड्यात नोंदलेलं राहतं, म्हणून केबल बदलल्यावर पाय पुन्हा चालू करूनच तपासा.

रास्पबेरीचा पहिला अधिकृत सात इंची पडदा ८०० बाय ४८० पिक्सेलचा आहे. तो रिबन केबलने जोडतात आणि त्याची वीज पायच्या पिनांवरून छोट्या तारांनी घेतात. डॅकची (डिजिटल आकड्यांचा ध्वनिसंकेत करणाऱ्या भागाची) हॅट, म्हणजे पायच्या डोक्यावर बसणारा बोर्ड, लावली की या पिना झाकल्या जातात. दोन उपाय आहेत: हॅटच्या खाली उंच पिनांचा हेडर लावा, नाहीतर पडद्याच्या बोर्डवरच्या मायक्रो यूएसबीतून वीज द्या. मी पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून हेडर आणला. तिथे 'लांब पायांचा चाळीस पिनी' म्हटलं की लगेच कळतं. यूएसबी डॅक असेल तर हा प्रश्नच येत नाही.

रिबन लावताना दोन चुका हमखास होतात. कॅमेऱ्याचा कनेक्टर अगदी सारखाच दिसतो, म्हणून बोर्डवर 'डिस्प्ले' लिहिलंय ते वाचून लावा. आणि वीज बंद केल्याशिवाय रिबनला हात लावू नका. पाय ५ घेणार असाल तर त्याचा कनेक्टर अरुंद, २२ पिनी आहे. पायच्या बाजूने वेगळी केबल लागते, जुनी बसत नाही. २०२४ चा नवा टच डिस्प्ले २ मुळात उभा, ७२० बाय १२८० चा आहे. तो आडवा फिरवून वापरता येतो, पण पेपीमीटरच्या तयार तबकड्या त्या मापाच्या मिळतात का ते आधी बघा. पहिल्यांदाच करत असाल तर जुना ८०० बाय ४८० बरा.

पडद्यावरची अक्षरं, आणि देवनागरीचे चौकोन

पडदा हातात धरून सजवू नका. सोफ्यावर बसून सजवा. माझा सोफा तीन मीटरवर आहे. अंतराचा दोनशेवा भाग इतकी अक्षराची उंची, हा माझा अंदाजी हिशोब आहे. तीन मीटरला तो १५ मिलिमीटर येतो. सात इंची पडदा १५४ मिलिमीटर रुंद आहे आणि त्यात ८०० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला पाचेक पिक्सेल. गाण्याचं नाव ७५ ते ८० पिक्सेल उंच हवं. मग एका ओळीत फार काही मावत नाही आणि तेच चांगलं. नाव आणि गायक ठेवा, बिटरेटचे आकडे काढून टाका. ४४.१ की ९६ हे सोफ्यावरून कोण बघतंय!

देवनागरीला रोमनपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी-रफार, खाली उकार-ऋकार. ओळींमधलं अंतर रोमनच्या हिशोबाने ठेवलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. 'मूर्ती' आणि 'कृष्ण' हे दोन शब्द एकाखाली एक लिहून बघितले की किती जागा सोडायची ते लगेच कळतं.

मराठी नावं नीट न दिसण्याची दोन कारणं असतात आणि दोन्हींचं औषध वेगळं. नावाच्या जागी रिकामे चौकोन दिसले तर फाँट नाही. मूड ऑडिओचा पडदा म्हणजे आत चालणारा ब्राउझरच. लिनक्सच्या पॅकेज यादीतून लोहित देवनागरी किंवा नोटो फाँट बसवून पाय पुन्हा चालू केला की चौकोन जातात. पण प्रश्नचिन्हं किंवा 'à¤' छापाची युरोपीय मात्रांची खिचडी दिसली तर फाँटला हात लावू नका. तिथे फाइलमधला टॅगच (गाण्याचं नाव, गायक यांची नोंद) बिघडलाय. जुन्या काळी सीडीवरून उतरवलेल्या एमपीथ्रीत हे फार. एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड या टॅग दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाव पुन्हा टाइप करून आयडी३ ची (एमपीथ्रीतल्या टॅगच्या पद्धतीची) नवी आवृत्ती आणि युनिकोड निवडून साठवा. माझी नाट्यसंगीताची दोनशे गाणी अशी हाताने दुरुस्त केली, त्याला एक अख्खा पावसाळा लागला.

मुखपृष्ठाचं चित्र अल्बमच्या फोल्डरमध्ये 'कव्हर' नावाने ठेवलं की पुरतं.

मीटर चालू करणं, आणि मामांचा प्रश्न

मूडच्या सेटिंगमध्ये पेरिफेरल्स हे पान आहे. तिथे स्थानिक पडदा कोणी वापरायचा ते ठरतं: नेहमीचा इंटरफेस की पेपी. दोघं एकाच वेळी दिसत नाहीत. पेपीतही मीटर आणि स्पेक्ट्रम हे दोन प्रकार आहेत. इथे मीटर घ्या.

आत काय चालतं ते थोडक्यात कळलेलं बरं. गाण्याचा डेटा लिनक्सच्या ध्वनियंत्रणेतून, म्हणजे अल्सातून, डॅककडे जातो. त्या वाटेवर एक छोटा प्लगिन बसून डेटा न बदलता फक्त त्याची पातळी वाचतो आणि आकडा एका नळीवजा फाइलमध्ये टाकत राहतो. पेपीमीटर तो आकडा उचलून काटा फिरवतो. म्हणून काटा त्या जागी जे पोचतं तेच दाखवणार.

मामांना दिसलेला घोळ इथे आहे. आवाजाचं नियंत्रण 'सॉफ्टवेअर' असेल तर गाण्याचे आकडे प्लगिनपर्यंत पोचण्याआधीच लहान केले जातात. २० डीबी कमी केले तर दहावा भाग उरतो आणि काटा जमीनदोस्त होतो. ऑडिओच्या पानावर व्हॉल्यूमचा प्रकार बदला. डॅकच्या चिपमध्ये स्वतःचं नियंत्रण असेल तर 'हार्डवेअर' निवडा, नसेल तर 'फिक्स्ड' करून आवाज अँपवरून वरखाली करा. 'फिक्स्ड' करण्याआधी अँपचा नॉब पूर्ण खाली आणा. हे विसरलात तर पहिलं गाणं पूर्ण ताकदीने सुरू होईल, आणि शेजाऱ्यांशी संबंध सुधारायला दिवाळीचा फराळ लागेल.

याचसोबत रीप्लेगेन (सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारी सोय), क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी) आणि इक्वलायझर निदान मोजमाप होईपर्यंत बंद ठेवा. रीप्लेगेन वाईट नाही, पण तोही आकडे बदलतो.

तबकडी आखणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि घालवावा असं माझं मत आहे. आधी मी तयार तबकडीवर काटा 'बरोबर' पडावा म्हणून सेटिंग ओढत-ताणत होतो. दोन रविवार गेले. मग उलटं केलं: काटा जिथे थांबतो तिथे थांबू दिला आणि खुणा त्याच्या पायाखाली आखल्या.

त्यासाठी ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये चाचणीचे स्वर बनवा. जनरेट मेनूत टोन, प्रकार साइन, १००० हर्ट्झ, वीस सेकंद. ॲम्प्लिट्यूडच्या चौकटीत १ लिहिलं तर ० डीबीएफएस, ०.७०८ ला −३, ०.५ ला −६, ०.२५ ला −१२, ०.१२५ ला −१८ आणि ०.०६२५ ला −२४. प्रत्येक स्वर वेगळ्या फ्लॅक फाइलमध्ये, नावातच आकडा घालून साठवा. वाजवताना अँप बंद ठेवलं तरी चालतं, काट्याला स्पीकर लागत नाही. एक किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा स्वर घरच्यांना झेपत नाही.

काटा किती सरकेल याचा अंदाज गणिताने येतो. खरा व्हीयूचा काटा व्होल्टेजच्या प्रमाणात सरकतो, डीबीच्या नाही. त्यामुळेच जुन्या तबकड्यांवर उजवीकडे ऐसपैस जागा आणि डावीकडे −१०, −२० ची दाटी असते. काट्याचा पूर्ण फेरा ८४ अंशांचा आणि उजवं टोक ० डीबीएफएस धरलं, तर डाव्या टोकापासून −२४ ची खूण ५ अंशांवर, −१८ ची साधारण १०.५ वर, −१२ ची २१ वर, −६ ची बरोबर मध्यावर ४२ वर आणि −३ ची ५९.५ वर येते.

पण गणितावर थांबू नका. प्लगिनचं गुळगुळीत करणं, काट्याच्या चित्राची जाडी, फिरण्याचा केंद्रबिंदू दोन पिक्सेल इकडेतिकडे, यांनी फरक पडतो. एकेक स्वर लावा, काटा स्थिरावू द्या आणि फोन ट्रायपॉडवर समोर सरळ ठेवून फोटो काढा. मी आधी पडद्यावर बटर पेपर चिकटवून पेन्सिलीने ठिपके द्यायला गेलो. पेन्सिल टेकली की पडद्याला ते बोट वाटायचं. नाद सोडला.

फोटो गिम्प या चित्रं संपादित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून ८०० बाय ४८० ला बसते करा, तबकडीच्या चित्रावर अर्धपारदर्शक थर म्हणून ठेवा आणि प्रत्येक फोटोतल्या काट्याच्या टोकाशी खूण मारा. मग फोटोचे थर काढून टाका. राहते ती तुमच्या यंत्राची तुमची तबकडी. माझ्या तबकडीवर आकडे देवनागरी आहेत आणि लाल पट्टा −३ पासून सुरू होतो. लाल म्हणजे 'धोका' नाही, कारण आपण ध्वनिमुद्रण करत नाही, नुसतं ऐकतोय. लाल म्हणजे एवढंच, की हे गाणं मास्टर करणाऱ्याने (अंतिम प्रत बनवणाऱ्याने) छतापर्यंत भरलंय.

चित्रं पेपीमीटरच्या पडद्याच्या मापाच्या फोल्डरमध्ये जातात. किमान दोन लागतात: मागची तबकडी आणि काटा. काटा सरळ उभा, वर टोक करून, पारदर्शक पार्श्वभूमीवर काढायचा. शेजारच्या 'मीटर्स' नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये तुमच्या तबकडीचा विभाग तयार करा. तयार 'सर्क्युलर' प्रकारातला एक विभाग जसाच्या तसा उतरवून नाव बदलणं सोपं. त्यात डाव्या-उजव्या काट्यांचे केंद्रबिंदू, सुरुवातीचा आणि शेवटचा कोन, केंद्रापासून काट्याचं अंतर आणि एका अंशात किती पायऱ्या एवढं भरायचं असतं. पायऱ्या वाढवल्या की काटा मऊ फिरतो, पण चालू व्हायला वेळ आणि स्मृती दोन्ही जास्त लागतात. हे कोन आधी पक्के करा आणि मगच फोटो काढायला बसा. नंतर कोन बदलला की सगळ्या खुणा फुकट.

काट्याचा स्वभाव

मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये आकडा वाचण्याचं अंतर सेकंदांत आणि स्मूद बफर, म्हणजे शेवटच्या किती वाचनांची सरासरी घ्यायची, हे दोन्ही मिळतात. अंतर ०.०३३ ठेवलं की सेकंदाला तीस वाचनं. नऊ वाचनांची सरासरी घेतली तर ०.३ सेकंद, म्हणजे व्हीयूचे ३०० मिलिसेकंद. एवढ्याने तो शंभर टक्के व्हीयू होत नाही, पण चाल तशी येते. बफर दोन-तीनवर आणा, की काटा पीक मीटरसारखा उड्या मारतो.

मी नऊवर ठेवलाय. विलंबित ख्यालाच्या आलापात काटा तानपुऱ्याच्या षड्जाबरोबर श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो, आणि बफर तीनवर असताना तोच काटा प्रत्येक पेटीच्या सुरावर थरथरत होता. धडधडतं फिल्मी संगीत मात्र नऊवर कंटाळवाणं दिसतं, काटा उजवीकडे चिकटून बसतो. जुनी मैफल −२० च्या खाली रेंगाळते आणि नवं गाणं −६ च्या वर ठाण मांडतं. दोन्ही एकाच तबकडीवर सुंदर दिसतील अशी अपेक्षा सोडून द्या. हवं तर दोन तबकड्या करा आणि कॉन्फिगमध्ये नावं स्वल्पविरामाने लिहा. 'रँडम' लिहिलं तर तो ठरावीक सेकंदांनी आपणच बदलत राहतो. मला ते लग्नाच्या हॉलमधल्या रोषणाईसारखं वाटतं, पण मुलांना आवडतं.

ब्लूटूथ स्पीकर जोडला तर काटा आधी आणि आवाज मागाहून, असं होतं. त्याला इलाज नाही, तारेने जोडा. डीएसडी फाइल (एकेका बिटात ध्वनी साठवणारा प्रकार) डीओपीने, म्हणजे पीसीएमच्या वेष्टनात घालून, पाठवली तर काटा काहीही दाखवतो, कारण त्या डेटाला पीसीएमसारखी, म्हणजे नेहमीच्या डिजिटल फाइलसारखी, पातळीच नसते. मीटर बघायचाच असेल तर डीएसडीचं पीसीएममध्ये रूपांतर चालू करा.

तयार स्ट्रीमर असेल तर

एव्हरसोलो डीएमपी-ए६ ला सहा इंची पडदा आहे, हायफाय रोझ आरएस१५० ला १४.९ इंची, विम अल्ट्राला ३.५ इंची. अशा यंत्रांवर तबकडी निवडता येते, आखता येत नाही. पण वरचे सहा स्वर तिथेही वाजवा. −१८ चा स्वर लावल्यावर काटा ० व्हीयूवर थांबला, तर बनवणाऱ्याने युरोपीय प्रसारणाचा संदर्भ धरलाय. −२० चा वेगळा स्वर बनवून लावला आणि त्यावर थांबला तर अमेरिकी. ० डीबीएफएसलाच ० वर आला तर ती डिजिटल पट्टी आहे, आणि त्यापुढचा लाल भाग शोभेचा. मग आवाज निम्म्यावर आणून तोच स्वर पुन्हा लावा. काटा पडला तर मामांचा नियम लागू: मीटर व्हॉल्यूमच्या नंतर बसवलाय. सेटिंगमध्ये 'फिक्स्ड आउटपुट' मिळालं तर ते चालू करून आवाज अँपवर घ्या.

रात्र आणि राखण

पहिल्या अधिकृत पडद्याचा उजेड ० ते २५५ मध्ये बदलता येतो. रात्री मी तीसवर आणतो. क्रॉन नावाचं वेळापत्रक त्यासाठी पुरतं: साडेनऊला कमी, सकाळी सहाला जास्त. एचडीएमआयचे स्वस्त पडदे 'बंद' केले तरी मागचा दिवा जळत राहतो, घेण्याआधी ते दुकानातच विचारा. पडदा ओएलईडी असेल तर एकच तबकडी तासन्‌तास ठेवू नका, न हलणाऱ्या खुणांचा डाग बसतो.

तबकडीची चित्रं, मीटर्सची फाइल आणि कॉन्फिग या तिन्हींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवा. मूडची नवी आवृत्ती घालताना कार्ड नव्याने लिहावं लागलं, तेव्हा माझी पहिली तबकडी तशीच गेली. दुसरी आखताना मामांना फोन लावून स्वर वाजवत बसलो होतो. ते पलीकडून म्हणाले, "सहा खुणा कशाला? आम्हाला शून्य आणि लाल एवढं पुरायचं." मग आठवून म्हणाले, "आणि −२० घाल. तानपुरा तिथेच असतो."

−२० साठी ॲम्प्लिट्यूड ०.१ लिहायचं.